जॅझसरांच्या आईचा धवला

जॅझसरांना पेणच्या बाजारात चांगले कांदे कुठे मिळतात हे ठाऊक नव्हतं, पण शंभर वर्षांपूर्वी शिकागोच्या कुठल्या वस्तीत काय वाजायचं ते मात्र कालच तिथे जेवून आल्यासारखं सांगायचे. आयुष्यात त्यांनी पासपोर्ट काढला नाही. कॉलेजात ते अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. त्यातली जॅझची दहा वर्षं त्यांची लाडकी. बाकीच्या शतकांना ते नको असलेल्या पाहुण्यांसारखं चहा पाजून वाटेला लावायचे. वर्गात आम्ही पाच जण होतो.

सर धरमतरच्या खाडीकडचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. दक्षिणेतले काळे मजूर कापसाची शेतं सोडून उत्तरेच्या कारखान्यांत का गेले, हे शिकवायला त्यांना पुस्तक लागत नसे. "तुमच्या आज्यानं मीठ सोडून रोह्याला कंपनीत शिफ्ट धरली ना, तसंच. फक्त त्यांनी जाताना गाणं बरोबर नेलं. ज्या हॉटेलात त्यांचं गाणं ऐकायला गर्दी व्हायची, तिथं त्यांना मागच्या दारानं आत घ्यायचे." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसत. तास तिथेच संपे.

"नवं गाणं आलं की म्हातारी माणसं कान झाकतात. तुम्ही झाकू नका," हे त्यांचं पालुपद. त्या काळी तिकडच्या मुलींनी केस कापले, स्कर्ट आखूड केले, घरात रेडिओ आला, आणि सगळा दोष वडीलधाऱ्यांनी त्या गाण्यावर ढकलला. हे ऐकून मीही वेणी कापून आले. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी सर घरी आले आणि बाबांना तासभर अमेरिका समजावत बसले. बाबांना काही पटलं नाही, पण ते दमले. मी वाचले ती अशी.

सरांची आई धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांत लग्नाचा एकेक विधी धवलारणी गाऊन पार पाडतात, त्या गाण्यांना धवले म्हणतात. तिचे धवले टेप करायला सर टेपरेकॉर्डर पुढे करायचे, तर ती म्हणायची, "लगीन नाय, मांडव नाय, कोणासाटी गाऊ रं?" सर मग घरच्या लग्नाची वाट बघत राहिले. सरांची बायको लवकर गेली होती, घरात सर, आई आणि मुलगी, हे तिघंच. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला डीजे पाहिजे." सरांनी तिथल्या तिथे होकार दिला. दुसरं काय करणार होते? जन्मभर वर्गात तेच सांगत आले होते.

मी त्या लग्नाला होते. सरांची आई, आमची सगळ्यांची आजी, पाटाजवळ बसून गायला लागली आणि डीजे सुरू झाला. थोडा वेळ तिचे ओठ हलताना दिसले. मग ती पदर सावरून उठली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. कोणी तिला थांब म्हणालं नाही, मीही नाही. मी नाचत होते. त्याच वर्षी ती गेली.

मुलगी परदेशी गेली, सर निवृत्त झाले आणि घर अगदी गप्प झालं. मी भेटायला गेले की ते लग्नाचा व्हिडिओ लावून बसलेले असत, टीव्हीचा आवाज बंद करून. टेपरेकॉर्डर त्या दिवशी कपाटातच राहिला होता, आणि व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली होती. सर आजीच्या ओठांकडे बघून वहीत शब्द जुळवत. पानभर खाडाखोड, आणि धड एक ओळ नाही. "मी एवढा दुसऱ्यांच्या गाण्यांचा इतिहास शिकवला गो," एकदा म्हणाले, "आणि घरातलं एक गाणं मला येत नाय." मला फार वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटतंय याचंच नाही, मी नाचले होते याचंही.

माझी आई तरुणपणी या आजीच्या मागे बसून धवल्यांना साथ द्यायची. सर गेले, त्याच्या आधीच्या दिवाळीत मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. तिने चष्मा लावला, व्हिडिओ दोनदा बघितला आणि लगेच ओळखलं.

"हा तर बोलावण्याचा धवला," आई म्हणाली. "पोरीच्या बापाला मांडवात बोलावतेय. तुमचं नाव घेतेय, सर. ही बघा, दोन येला घेतलं."

सरांनी वही मिटली. शब्द सांग, असं ते आईला म्हणालेच नाहीत.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी कुठं हाय?"

आईला पडद्यावर ते सापडेनात. मला केव्हाच दिसले होते. मागे, मांडवाच्या टोकाला, आजीकडे पाठ करून सर डीजेवाल्यापाशी उभे होते आणि हात वर करून त्याला आवाज वाढवायला सांगत होते.