मारियामाता कुणाच्या घरी

वालेन्सिया शहराच्या समुद्राकाठच्या जुन्या कबान्याल वस्तीत ईस्टरआधीच्या आठवड्यात दुःखी मारियामाता देवळात राहत नाही. गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून येते, आणि अख्खी वस्ती त्या घरी पायधूळ झाडून जाते. यंदाचा मान विसांतेतामावशीचा होता. समुद्राने नवरा नेला तेव्हापासून ती या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. मूर्ती मात्र बसली समोरच्या तोनिकाकडे.

झालं होतं असं, की मावशी इस्पितळातून घरी आल्यावर मूर्ती कुणाकडे बसवायची ते ठरवणाऱ्या मंडळाचा बाटिस्ट तोनिकाला विचारायला आला, "मावशीला जमेल का गं? तू समोरच राहतेस." आदल्याच दिवशी मावशी पुढच्या खोलीला चुना लावत होती, हे तोनिकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती बोलून गेली, "नाही झेपायचं रे तिला."

तोनिका काही वाईट बाई नव्हे. पण जन्मभर मासळी विकली, तिच्या घरची पायरी कोण चढणार? आता लोक येत होते, गोड वाइन पीत होते आणि जाताना म्हणत होते, "मावशीसाठी किती केलंस गं." हे ऐकलं की ती घाईने पुढचा पेला भरायला वळायची. मावशी येऊ नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

गुरुवारी संध्याकाळी भाच्यांनी मावशीला खुर्चीसकट उचलून आणलं. म्हातारी निम्मी झाली होती. मूर्तीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"तोनिका, डॉक्टर तुझ्यापाशी काय बोलले?"

"कधी?"

"लपवू नकोस. माझे दिवस भरलेत, म्हणूनच तू हे अंगावर घेतलंस. नाहीतर माझ्या तोंडचा घास काढशील होय तू? मला आता जेवणही जात नाही गं."

तोनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली माणसांनी भरलेली, दारात बाटिस्ट. उगाच काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती, आणि म्हातारी घरी जाऊन खरोखरच मेली असती.

"डॉक्टर काही बोलले नाहीत, मावशी. तू बरी होते आहेस. मला मूर्ती हवी होती. मी खोटं बोलले."

मावशी खुर्चीत सरळ बसली. "म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही."

"मग बाटिस्ट, उचल. आणि तू गं, फुलं घेऊन मागून ये. सगळी."

मूर्ती गल्ली ओलांडून निघाली. मागून तोनिका, हातात न मावणारी फुलं घेऊन. दोन्ही बाजूंना तिची रोजची गिऱ्हाइकं उभी होती. कुणी चकार शब्द काढला नाही. कुणीतरी शिवी तरी द्यावी, असं तिला वाटत होतं.