काशिनाथचा पाय आणि माझं विमान

काशिनाथचा पाय चार वर्षं वाढत होता, तो मी स्वतःच्या हातानं मोजत होतो आणि दर वर्षी त्याला एक नंबर मोठी चप्पल विकत होतो. याहून मोठा मूर्खपणा माझ्या नावावर नाही. आणि माझ्या नावावर बरेच आहेत.

जव्हारला स्टँडजवळ माझं चपलांचं दुकान. काशिनाथ जवळच्या पोशेरा गावचा. घरी भात-नागलीची शेती, आणि तो वीसेक वर्षं जव्हार-मोखाडा रस्त्यावर स्वतःची जीप चालवायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये माझ्या दुकानात चहा प्यायचा, गिऱ्हाइकांना माझ्या देखत सांगायचा, "शेटची चप्पल घ्या, पण शेटचा सल्ला नका घेऊ." पाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका जीपवाल्यानं दाराशी गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच सांगितलं, "शेट, काशा गेला." मी तेव्हा एका बाईच्या पायात सँडल घालत होतो. पट्टा लावून झाल्यावर मगच उठलो... हेही सांगून टाकतो, उगाच कुणाला माझ्याबद्दल बरं वाटायला नको.

आठ नंबर घेणारा माणूस नऊवर आला, मग दहावर, मग अकरावर. मी काय करावं? विनोद. "काशा, पुढच्या वर्षी चप्पल नको, होडीच घे. दाभोशाच्या डोहात चालव." तोही हसायचा. ब्रेक दाबला की त्याच पायानं ॲक्सिलेटरही दाबला जातो, असं त्यानं एकदा हसतच सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेच्या करवंदीच्या जाळ्या गाडीला दोन्ही बाजूंनी घासायला लागल्या, तेव्हा मी म्हणालो, डोळे तपासून घे, म्हातारा झालास. त्याचं नाक रुंद झालं, जबडा पुढे आला, आवाज घोगरा झाला. रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही म्हणतात. मला तर पायावर आकडे दिसत होते!

शेवटी डोकेदुखी थांबेना म्हणून तो मोखाड्याकडच्या सरकारी दवाखान्यात गेला. मी सोबत होतो. डॉक्टरीण तरुण होती. त्याच्याकडे बघताच तिनं पेन खाली ठेवलं. "हाताची अंगठी बसते का?" "नाय, कापून काढली." "चप्पल लहान होतेय?" आणि इथं मी, जणू बक्षीस मिळणार असल्यासारखा, पुढे सरसावून म्हणालो, "आठची अकरा झाली मॅडम, चारही जोड माझ्याच दुकानातले!" ती माझ्याकडे जशी बघत राहिली, ते बघणं अजून माझ्या पाठीवर आहे. "चार वर्षं तुम्ही मोजताय," ती हळूच म्हणाली, "आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. तिच्यामुळे हातपाय वाढतात, हृदयही वाढतं. आणि गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबली की दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. नाकातून ऑपरेशन करून ती काढतात. डॉक्टरणीनं मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. थोडे दिवस थांबावं लागेल, पण तिथं हे काम नेहमीचं आहे, म्हणाली.

आता माझी खरी कर्तबगारी सुरू होते. फोनवर जाहिरात दिसली: परदेशात ऑपरेशन, स्वस्तात, रांग नाही. एजंट जव्हारला येऊन भेटला. माणूस ओळखायचा तर त्याचे बूट बघावे, असा माझा धंद्यातला नियम. याचे बूट अस्सल चामड्याचे, हाताची शिलाई. झालं, मी विरघळलो! काशिनाथ म्हणाला, "शेट, मुंबई काय वाईट हाय? जीपनं जाऊ, जीपनं येऊ." मी म्हणालो, सरकारी दवाखान्यात माणसाचा नुसता नंबर होतो. खरं कारण वेगळं होतं. पॅकेजमध्ये सोबतच्या एका माणसाचं तिकीट धरलेलं होतं, आणि मी तोवर विमानात बसलो नव्हतो. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते... आणि ती यावी म्हणूनच लिहितोय. त्या स्वस्त पॅकेजसाठी त्यानं जीप विकली.

विमानात त्याची जागा खिडकीशी होती. तो म्हणाला, "तुम्ही बसा तिथं. मना बाजूचं कुठं दिसतंय?" आणि मी बसलो. एकदा "नको" म्हणालो आणि बसलो. ढग चांगले होते.

देशाचं नाव लिहीत नाही. देशाचा काही दोष नाही. रुग्णालय म्हणजे हॉटेलच. काचेचे दरवाजे, टेबलावर फळांची परडी, सगळीकडे गुलाबाचा वास. पहिल्या दिवशी आम्ही बसलो होतो, तिथं शेजारच्या बाकावर तिथलाच एक वयस्कर माणूस होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, कुठून आलात? मुंबईजवळून, मी ऐटीत सांगितलं. कशाचं ऑपरेशन? मी नाकाकडून कपाळाकडे बोट नेलं. तो गोंधळून हसला. "मेरी बहन का यही ऑपरेशन मुंबई में हुआ. वहाँ सस्ता है ना!" ड्रायव्हरकी केलेला काशिनाथ, हिंदी त्याला माझ्यापेक्षा बरी समजायची. त्यानं माझ्याकडे बघितलं. बघायला त्याला अख्खी मान फिरवावी लागायची. मग म्हणाला, "शेट, चहा मिळतो का बघा."

त्याचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी खाली न्याहारीच्या टेबलापाशी तिसऱ्यांदा ताट भरत होतो. फुकट होती ना!

परत आलो तेव्हा कड थोडी दिसायला लागली होती आणि मी जव्हारभर माझं शहाणपण सांगत हिंडलो. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर गाठीचा तुकडा आत राहिलेला. एजंटचा फोन बंद. रुग्णालयातून प्रत्येक वेळी एक गोड आवाज सांगायचा, ईमेल करा. केले; उत्तरात पुढच्या पॅकेजची माहिती आली. अखेर तीच जुनी चिठ्ठी घेऊन मुंबईला गेलो, रांगेत उभे राहिलो. तिथल्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही, केला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, गाठीचं अजूनही बघता येईल, पण हृदय फार दमलंय. लवकर यायला हवं होतं. काशिनाथ मध्येच म्हणाला, "रस्ता चुकला, सायेब." कुणामुळे, ते बोलला नाही. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्या तारखेच्या आधीच तो गेला.

परवा पोशेऱ्याला गेलो. हात हलवत कसं जायचं, म्हणून परदेशात रुग्णालयाच्या दारात काढलेला आमचा फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत बसवून नेला. वाटलं होतं, भिंतीवर लागेल, मलाही त्या घरात थोडी जागा राहील. भिंतीवर आधीच एक फोटो होता. लायसन्सवरचा, मोठा केलेला. थोडा धुरकट झालेला, पण दुखण्याच्या आधीचा काशिनाथ. अरुंद नाक, नीट जबडा, समोर बघणारा. तो चेहरा मी साफ विसरलो होतो...

काशिनाथच्या बायकोनं, मंजुळावहिनींनी, नागलीच्या पिठाचे हात पुसले, माझी चौकट घेतली आणि उजेडात धरली. काशिनाथ कडेला होता, अर्धा कान आणि खांदा चौकटीबाहेर. मधोमध मी, दात काढून. त्यांनी फोटो पदरानं पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"हा तुमच्या घरी लावा, शेट. फिरायला तर तुम्हीच गेलता."