आपल्याच गावात लिफ्ट जोडायला

बावीस वर्षं मी लिफ्ट जोडतोय. हैदराबाद, नागपूर, पुण्यात मेट्रोची चार स्टेशनं. सोलापूरचं काम मात्र कधी वाट्याला आलं नव्हतं. आलं तेव्हा सोलापुरात माझं घर उरलं नव्हतं.

आम्ही विणकरांच्या वस्तीतले. बाहेर मराठी, घरात तेलुगू. वडील आधीच गेले होते. आई गेली त्या वर्षी आम्ही भावांनी घर विकून टाकलं. थोरला सुरतेला असतो, धाकटा भिवंडीला. माझं लग्न फिरतीच्या नोकरीत राहून गेलं. त्यामुळं जन्मलो त्या गावात मी सात रस्ता चौकातल्या एका लॉजवर उतरलो. वहीत नाव लिहून घेताना तिथल्या माणसानं कुठून आलात विचारलं. मी पुणे म्हणालो. खरं सांगायला गेलो असतो तर पुढं बरंच सांगावं लागलं असतं.

स्टेशनचं रूपडं बदलायचं काम चालू होतं. जुनी कमान पाडलेली, दर्शनी बाजूला पत्रे ठोकलेले. लोक कडेच्या चिखलाच्या वाटेनं आत यायचे आणि सामान घेऊन पुलाचे जिने चढायचे. त्या पुलाला पहिल्या फलाटावरून लिफ्ट जोडायची, एवढं माझं काम. माझ्यासोबत आणखी एक कारागीर होता. आमची टपरीएवढी पत्र्याची खोली लिफ्टला लागूनच होती.

तिथंच मला चाचा भेटले. साठी ओलांडलेले हमाल, अंगानं काटक, लाल सदरा उन्हानं विटलेला. पहिल्या आठवड्यात ते रोज दुपारी येऊन लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात बघत उभे राहायचे. एक दिवस मी त्यांना बसा म्हणालो. तेव्हापासून दोनच्या सुमाराला आम्ही एकत्र जेवायला लागलो. ते घरून भाकरी-कालवण आणायचे, मी समोरच्या खानावळीतून डबा आणायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. दोन म्हातारी माणसं पुलाखाली थांबून राहिलेली दिसली की ते जेवण तसंच टाकून उठायचे, एका खांद्यावर बॅग आणि दुसऱ्या हाताला म्हातारीला धरून जिना चढायचे, आणि येऊन थंड झालेली भाकरी खायचे.

ही लिफ्ट सुरू झाली की तुमचं काम कमी होईल, असं मीच एकदा बोलून बसलो. त्यांनी रागावल्यासारखं केलं नाही. "व्हईल की," म्हणाले. "पर माजे गुडघे बी आता लिफ्टच्याच बाजूनं हायत."

चाचण्या सुरू झाल्या त्या आठवड्यात माझा जोडीदार लग्नाला गावी गेला. एकट्यानं लिफ्टच्या डब्यात बसून चाचणी घ्यायची नाही, हा नियम मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलाय. तरी त्या दिवशी मी एकटाच आत शिरलो. चार दिवस हातावर हात ठेवून लॉजच्या खोलीत काय करायचं, हा विचार त्यामागं होता. फोन खोलीत चार्जिंगला लावलेला. वीज गेली तर डबा जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी आणि धोक्याची घंटा जोडायची राहिली होती. ती संध्याकाळी जोडणार होतो.

साडेबाराला आमच्या कामाची वीज गेली. डबा फलाट आणि पूल यांच्या मध्ये थांबला. काचांवर अजून प्लायवूड ठोकलेलं होतं, त्यामुळं आत मिट्ट काळोख. मी आधी हाका मारल्या, दार ठोकलं. पण बाहेर खोदकामाचं यंत्र धडधडत होतं, वर गाड्यांच्या घोषणा. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

जिवाला धोका नाही हे मला ठाऊक होतं. हवा येत होती, दोर मीच ओढून तपासले होते. घाबरलो ते वेगळ्याच गोष्टीला. आपण परतलो नाही तर कुणाच्या लक्षात येईल, याचा मी हिशेब मांडत बसलो. जोडीदार चार दिवसांनी येणार. भाऊ दिवाळीला फोन करतात. लॉजवाला आठवडाभर तरी बघणार नाही. मग मी खाली बसलो, गुडघ्यात डोकं घातलं. किती वेळ गेला कळलं नाही.

पुढं कधीतरी ते यंत्र जेवणाच्या सुट्टीत थांबलं आणि खाली फलाटावरच्या दारावर थाप पडली. "मिस्त्री, आत हाय का?"

चाचा जेवायला येऊन बसले होते. माझा जेवणाचा डबा खोलीत जागेवर, फोन चार्जिंगलाच लावलेला, मी नाही. थोडा वेळ वाट बघून ते शोधायला उठले होते.

मी त्यांना ओरडून सांगत गेलो. खोलीत खिळ्याला लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तीनधारी किल्ली आहे. ती घेऊन पुलावर जा. लिफ्टच्या दाराशेजारी छोटं कपाट आहे, त्यात ब्रेक सोडणारा लोखंडी दांडा. तो ओढायचा, लगेच सोडायचा, धरून ठेवायचा नाही. डबा खाली येणार नाही, वर जाईल, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला लावलेलं वजन माझ्यासकट डब्यापेक्षा जड आहे. त्यांनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली आणि गेले. मग डबा वीतभर हलला. थांबला. पुन्हा वीतभर. त्या माणसानं इतक्या सावकाश, इतक्या काळजीनं मला वर घेतलं की दार उघडलं तेव्हा डब्याची फरशी पुलाशी बरोबर जुळली होती.

आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. त्यांनी मला पाणी दिलं. मग विचारलं, "आत कुणाशी बोलत हुता?"

कुणाशीच नाही, मी म्हणालो.

"तेलुगू बोलत हुता. मी दाराला कान लावला तवा. मी बी विणकरांच्या गल्लीतच वाढलोय, थोडं कळतंय मला." मग म्हणाले, "आईला सांगत हुता, उशीर व्हईल, तू जेवून घे म्हणून."

मला काहीच आठवत नव्हतं. आई गेल्यापासून मी तेलुगूचा एक शब्द कुणाशी बोललो नव्हतो. बोलायला माणूसच नव्हतं; भावांशी दिवाळीचा फोनही मराठीतच व्हायचा. मी पुलावरून खाली रुळांकडं बघत राहिलो. चाचांनी दुसरीकडं तोंड फिरवलं. मग ते मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणाले, चल, जेवायला चल.

लिफ्ट पुढच्या महिन्यात सुरू झाली. मी पुण्याला गेलो, मेट्रोच्या एका स्टेशनचं नवं प्रवेशद्वार होत होतं, तिथं लिफ्ट जोडायची होती. काही महिने दर आठवड्याला चाचांना फोन करायचो. चार वाक्यं तेलुगूत, त्यातली दोन त्यांची चुकलेली. नंतर एकदा फोन त्यांच्या सुनेनं उचलला. गुडघ्यांमुळं त्यांनी काम सोडलं होतं आणि ते मंगळवेढ्याला मुलीकडं राहायला गेले होते. तिथं त्यांच्याजवळ फोन नसतो, ती म्हणाली. निरोप देते, असंही म्हणाली.

मी निरोप काय द्यायचा ते ठरवेपर्यंत तिनं फोन ठेवला होता.