चिठ्ठीमावशींचा तिसरा रकाना

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे चिठ्ठीमावशी म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. पेशंटची फाईल हवी? चिठ्ठी आणा. चिठ्ठीत तीन रकाने: कोणाला हवी, कशासाठी, कधीपर्यंत. तिसरा रकाना रिकामा दिसला की मावशी चिठ्ठी टेबलावरून परत सरकवत. एकदा मोठ्या सर्जनसाहेबांनाही त्यांनी असंच माघारी धाडलं. साहेब तणतणत गेले आणि दहा मिनिटांनी मुकाट्याने तारीख घालून आले.

मग फाइली स्कॅन होऊन क्लाऊडवर गेल्या. म्हणजे दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या संगणकांवर. आपल्या हातात राहिलं ते फक्त दार. संगणक विभागाच्या मॅडम हुशार, पण भारी घाईच्या. कोणाचं काम अडायला नको म्हणून त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सगळं खुलं करून टाकलं. चौथ्याच दिवशी गेटवरच्या वॉचमनने मेट्रनबाईंना मुतखड्यासाठी भरपूर पाणी प्यायचा सल्ला दिला. अगदी मनापासून दिला बिचाऱ्याने. पण आपल्याला मुतखडा आहे हे मेट्रनबाईंनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

व्हायचा तो गोंधळ झाला, आणि मॅडम मावशींच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"मावशी, कोणी काय बघायचं याचे नियम लिहायचेत. सुरुवात कुठून करू?"

"आधी सगळ्यांना नाही म्हणा," मावशी म्हणाल्या. "मग ज्याला गरज आहे त्याला, गरजेपुरतं हो म्हणा."

दोघी आठवडाभर बसल्या. डॉक्टरांना आपापले पेशंट. नर्सला पेशंट वॉर्डात असेपर्यंतच. स्वयंपाकघराला फक्त पथ्य, बाकी एकही ओळ नाही. वॉचमनला काहीच नाही. आणि कोणी काय उघडलं, कधी उघडलं, त्याची आपोआप नोंद.

"आणि तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"मला नाव आणि नंबर पुरे. फाईल जागेवर आहे एवढं कळलं की झालं. कागद होते तेव्हाही मी आत डोकावले नाही."

नियम बदलायचा अधिकार मात्र मॅडमनी त्यांनाही देऊन ठेवला. इतका विश्वास टाकावा असं दवाखान्यात दुसरं होतं तरी कोण?

आणि मग एके दिवशी यादीत मावशींच्या धाकट्या बहिणीचं नाव आलं. दोघी एकाच घरात राहायच्या, दोघीच. धाकटी तपासण्या करून आली होती, पण विचारलं की म्हणायची, "नेहमीचंच गं, ताई." रात्रीचं जेवण मात्र ती अर्धं ताटात टाकायची. तीन आठवडे मावशींना ते नाव रोज दिसायचं, पुढे 'नवीन रिपोर्ट' आणि त्यापुढे बंद कुलूप. कुलूप त्यांनीच लावलेलं. ते काढायला दोन टिचक्या पुरत होत्या, आणि त्यांना जाब विचारणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी नियमांच्या पानावर स्वतःच्या नावापुढे खूण केली. पडद्यावर चौकट उघडली: कशासाठी? कधीपर्यंत? त्यांचेच रकाने त्यांच्याकडे बघत होते.  मावशींनी खूण काढली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं.

धाकटी मटार सोलत होती.

"तुझा रिपोर्ट आलाय," मावशी म्हणाल्या.

"माहितीय. डॉक्टरांनी सांगितलं." धाकटीने मान वर केली नाही. "तीन आठवडे वाट बघतेय मी, तू काही बोलशील म्हणून. सगळ्या फाइली तुझ्या हातात. म्हटलं, ही वाचून गप्प बसलीय, म्हणजे डॉक्टरांनी मला अर्धंच सांगितलं असणार."

"मी वाचला नाही."

"का?"

"मला परवानगी नाही."

"कोणी नाही दिली?"

"मीच."

धाकटी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं. मावशींनी तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि हात हातात धरला. 

मग धाकटी उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्याच्या पाठीवर तिने तीन रकाने आखले. ते कसे आखतात हे तिला पाठ होतं. एकतीस वर्षं ती त्यांच्याच गोष्टी ऐकत आली होती. लिहून तिने कागद ताईपुढे सरकवला.

कोणाला: ताईला.

कशासाठी: मला एकटीला पेलवत नाही.

कधीपर्यंत: तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग घडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा अपुरी चिठ्ठी ठेवून घेतली.