भातावर ताणलेला आवाज

तात्या गेल्याचं मला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. फुलं आणि सुविचार यांच्या गर्दीत नीलेशदादाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, मेसेज होता: ‘तात्या गेले.’ खाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. मध्येच कुणीतरी वर न वाचता ‘शुभ सकाळ’ टाकलं.

तात्या माझे थोरले काका, कडाव गावचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते मस्कतला वायरमन होते. एका खोलीत बरेच जण राहायचे आणि संध्याकाळी अंघोळी उरकून सगळे टीव्हीसमोर बसायचे. त्या वेळेला लागायची ती मुलांची कार्टून. जपानमध्ये काढलेली पण अरबी बोलणारी. कधी पूर्व युरोपातली, मुळीच न बोलणारी. यंत्रमानव, अनाथ मुली, वारा नसतानाही उडणारे केस. घरापासून लांब आलेले बाप्ये ते डोळे फाडून बघायचे. अरबी कुणाला धड कळत नव्हतं, म्हणून तात्यांनीच पात्रांना बोलायला लावलं... कडावचं बोलायला.

परत येताना त्यांनी सोनं कमी आणलं आणि त्या कार्टूनच्या व्हिडिओ कॅसेटी जास्त. काकूनं ते शेवटपर्यंत ऐकवलं. सोबत आणलेल्या व्हिडिओ मशीनवर चित्र तसंच ठेवून आवाज तेवढा नव्यानं भरता यायचा. तात्यांनी एकेका कॅसेटवरचं अरबी पुसून स्वतःचा आवाज भरला. राक्षस, राजकन्या, गाढव, सगळे तेच. डोंगराएवढा यंत्रमानव शहरावर पाय रोवून म्हणायचा, “कोन हाय रं आत? भाईर ये, नायतर घर उपटीन!” एखादं पात्र आवडलं नाही तर ते त्याला खोकला लावायचे. भाग संपेपर्यंत बिचारं खोकत राहायचं.

मी दहिवलीला वाढले, इंग्लिश मीडियममध्ये. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. सुट्टीत कडावला गेले की तात्या विचारायचे, “काय गं बाय, शाळंत मराठी बोललं तर दंड हाय ना? हितं नाय बोललं तर हाय.” एका भागात एक मुलगी सबंध वेळ नुसती खिडकीत उभी असे. तात्या म्हणाले, “ही तुजी. हिला बोलायचं नाय, बघायचं फक्त.” सगळे हसले. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी जागा दिल्यासारखं वाटलं होतं.

मागच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. मशीन कधीच बंद पडलं होतं. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, “मी गेलो का हे माजा फोटो लावतील. फोटोत मी गप आसतो गं. कॅसेटी तेवढ्या उतरवून घे.” मी शोधाशोध केली. लोधिवलीला लग्नांचे व्हिडिओ काढणारे एक गृहस्थ सापडले. त्यांच्याकडे जुनं चालू मशीन होतं. बुरशी आलेल्या फितीही साफ करून बघतो म्हणाले. पण तोवर तात्या गेले. दिवसकार्य झाल्यावर मी नीलेशदादाला फोन केला. “कॅसेटींच्या कपाटाला हात लावू नका, रविवारी येते.”

“हो गं, कोन नेतंय?” तो म्हणाला.

रविवारी कडावच्या नाक्यावर फ्लेक्स होता. तात्या गॉगल लावून, आजूबाजूला त्यांनी आयुष्यात न पाहिलेले पुढारी. घरी कपाट रिकामं होतं. नवीन रंगाचा वास येत होता.

“अगं, भातात दाणा भरतोय, पाखरं सोडतायत का?” दादा सहज म्हणाला. “शेतावर ताणल्या फिती. वाऱ्यानं घोंगावतात ना, पाखरू बसत नाय. ऑडिओच्या फितीपेक्षा रुंद, लय मस्त काम देतात.”

मी विचारलं, “सगळ्या?”

“मग? अरबी कार्टून कोन बघतंय आता?”

त्यात अरबी उरलंच नव्हतं, हे त्याला माहीत होतं. लहानपणी त्यातलं गाढव तोच होऊन दाखवायचा. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “चला, तात्या कामाला तरी आले.” दादा खोखो हसला. मी चहा घेतला नाही. आमच्यात याला भांडणच समजतात.

शेतावर गेले. बांबूच्या काठ्यांमधून काळ्या फिती या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणलेल्या, मध्ये मध्ये पीळ दिलेला. उन्हापावसानं चकाकी उडू लागलेली. हातभर तुकडा तोडून मी लोधिवलीला नेला. त्या गृहस्थांनी तो उजेडात धरला, ओढून पाहिला. “ताई, ही ताणली गेलीय. वाजणार नाय आता.”

परवा पुन्हा कडावला गेले होते. दादाला भेटले नाही, थेट शेताच्या बांधावर उभी राहिले. वारा होता. फिती एका सुरात घोंगावत होत्या. त्यात शब्द ऐकू येतात का, हे काही मी कान देऊन पाहिलं नाही. शब्द नव्हतेच. पाखरं आता सरावली आहेत. थवा आला, फितींच्या खालून आत शिरला आणि निवांत दाणे टिपू लागला.

मी हाकललं नाही.