अनुसूया उर्फ कमल

रेल्वे कर्मचाऱ्यांना फुकट प्रवासाचे पास देणाऱ्या सेक्शनात विद्याधरराव तेहेतीस वर्षं होते. कर्मचाऱ्याच्या बापाचं नाव एका कागदावर 'रामसेवक' आणि दुसऱ्यावर 'रामसेवक लाल' दिसलं की यांची लाल पेन्सिल बाहेर निघायची. 'नाव जुळत नाही' एवढे तीन शब्द लिहून ते चहाला निघून जायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी झाशीच्या नगरा भागातले लोक अजून त्यांच्याकडे कागद दाखवायला येत. मग विद्याधरराव कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत आणि एखाद्या मोठ्या वकिलाचा आव आणत. आव आणण्यापुरतं ज्ञान त्यांच्याकडे नक्कीच होतं.

त्यामुळे लेकीचा, आभाचा, जर्मनीतून फोन आला तेव्हा ते भलतेच खुशीत आले. आभा तिकडे नोकरीला. मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण, आणि जावई निशांत कामापायी आठवड्यातले चार दिवस परगावी. तिच्यासारख्या नोकरदारांना आता आईवडिलांसाठी तिथला निवास परवाना मागता येतो, असा नियम निघाला होता.

"बाबा, पेपर्स एकदम पक्के पाहिजेत हं. ये लोग बहुत स्ट्रिक्ट हैं."

"तू मला कागद शिकवतेस?" विद्याधरराव म्हणाले, आणि आठ दिवसांत त्यांनी फाइल बांधली. अनुक्रमणिका, पानांवर आकडे, कोपऱ्यात हिरवी नाडी. दिल्लीच्या व्हिसा कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी ती नाडी आधी सोडून टाकली, तेव्हा त्यांना मनातून थोडं लागलंच.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वडिलांच्या कागदांत काही हरकत नाही. मात्र मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अनुसूया आहे आणि अर्ज करणाऱ्या बाईंचं कमल. या दोघी एकच असल्याचं, नाव बदलल्याच्या कारणासह, चौदा दिवसांत सिद्ध करावं, नाहीतर त्यांचा अर्ज बंद होईल.

नाव जुळत नाही! विद्याधररावांनी चष्मा नाकावर ओढून पत्र पुन्हा वाचलं.

झालं होतं ते असं. आभाच्या वेळचं बायकोचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, सागरला झालं. नोंद करायला गेले सासरे, यशवंतराव. त्यांनी लेकीचं जे नाव जन्मभर घेतलं तेच लिहून दिलं, आणि लग्नात ते बदललंय हे त्या आनंदात त्यांच्या लक्षातही आलं नसेल. पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळ्यांनी दाखल्यावरची तारीख तेवढी पाहिली. जगाचे दाखले उन्हात धरून पाहणाऱ्या विद्याधररावांनी घरचा दाखला चौतीस वर्षांत एकदाही धड वाचला नव्हता.

"मग मी आधी एकटाच जातो," ते फोनवर म्हणाले. "माझे कागद स्वच्छ आहेत."

पलीकडे आभा रडायलाच लागली. "बाबा, तुम्ही एकटे येऊन काय कराल? तुम्हाला तर चाय पण आई देते."

ज्याचा तिथे कवडीचा उपयोग नाही त्याच्या कागदांत खोट नाही, आणि जिच्यावाचून लेकीचं अडलंय तिचा अर्ज अडकलाय. हे त्यांना कळलं, आणि आपण एवढी वर्षं किती जणांना असं अडवलं असेल, हेही त्या दुपारी पहिल्यांदाच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं इलाइट चौराह्यावरच्या नोटरीकडे गेली. त्याने मजकूर टाइप केला, 'अनुसूया उर्फ कमल' असं ठोकलं आणि थांबला.

"बाबूजी, कारण क्या लिखें? नाम बदला क्यों था?"

"आमच्यात पद्धत आहे. लग्नात नवरा बायकोचं नाव बदलतो," विद्याधररावांनी हिंदीत समजावलं.

"वो तो ठीक। पर कमल ही क्यों? अम्माजी, आप बताइए।"

"इन्हीं से पूछिए," बाई शांतपणे म्हणाल्या. "मुझसे तो किसी ने पूछा ही नहीं था."

छत्तीस वर्षं विद्याधरराव सांगत आले होते की तुझा चेहरा पाहून मला कमळच आठवलं. पण समोर शपथपत्र होतं, आणि शपथेवर खोटं लिहिण्याची छाती त्यांच्यात नव्हती.

"खरं सांगू का?" ते मराठीतच बायकोकडे वळून म्हणाले. "ताटात तांदूळ पसरले होते. अंगठीने नाव काढायचं. सगळे बघत होते आणि माझा हात कापत होता. कमलला काना नाही, मात्रा नाही, उकार नाही. म्हणून."

बाई खो खो हसल्या, इतक्या की नोटरीने पाण्याचा ग्लास पुढे केला. हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते मात्र हसण्यापेक्षा जास्त वेळ पुसले.

नोटरीने 'पारिवारिक परंपरा' असं लिहून टाकलं. "और घर में बाबूजी किस नाम से बुलाते हैं?" त्याने सहज विचारलं.

घरात विद्याधरराव 'अगं' म्हणत. फार झालं तर 'ऐकलंस का'. तिचं स्वतःचं नाव त्यांनी काढून घेतलं होतं, आणि बदल्यात दिलेलं एकदाही हाकेला वापरलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी खरीखुरी. पाचशे माणसांच्या नावांवर लाल रेघ ओढताना वाटली नव्हती तेवढी.

शपथपत्र दिल्लीला गेलं, आणि जानेवारीच्या एका सकाळी कुरियरने दोघांचे पासपोर्ट आले. विद्याधररावांनी आधी बायकोचा उघडला. व्हिसा लागला होता. तारखा बाळंतपणाच्या आधीच्या होत्या. दारातच उभं राहून त्यांनी घसा खाकरला, आणि सगळं धैर्य गोळा करून हाक मारली, "अनुसूया!"

स्वयंपाकघरातून बाई लगबगीने आल्या. हात कणकेचे, चेहरा उजळलेला. नवऱ्याच्या खांद्यावरून मान उंच करून त्या दाराबाहेर पाहू लागल्या.

"कोण आलंय हो सागरहून?"

"कोणी नाही," विद्याधरराव म्हणाले. "मीच हाक मारली."