लांबून मोडलेली बोटं

निलगिरीचा वास आला की सत्तावन्न सालची फ्लूची साथ आठवते. तेव्हा मी जळगावला शाळेत होतो. साथ ओसरून तिथला बाजार उघडला, मोटारी सुरू झाल्या, तसा नाकाला निलगिरीचा रुमाल धरून, भीतभीतच, मी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गेलो. घरात बहीण बाळंतीण, म्हणून आईनं मला शेतातल्या निंबाखालीच थांबवलं. "तठेच बस, भाऊ! बठ्ठं खाई ले," सगळं खाऊन घे, असं म्हणत तिनं पळसाच्या पानावर भाकरी-भरीत ठेवलं आणि बांधावर जाऊन बसली. निघताना मी म्हटलं, "माय, एकदा जवळ ये ना." ती उठली, पण आली नाही, तिथूनच तिनं माझ्या दिशेनं हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पुढे शाळा सोडून परमुलखात आलो, देवानं पोटापुरतं दिलं. बहिणीचं बाळही सुखरूप वाढलं. तरी त्या दिवशी आईचा हात माझ्या गालाला लागायला हवा होता, असं अजून वाटतं.